साक्षीदिव्याची साक्ष

सोमवारी सकाळी साडेदहाला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यातल्या एकालाही रक्त द्यायचं नव्हतं. तळमजल्यावरचा औषधवाला दुकानाचं शटर अर्धं ओढून वर आला होता. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर हातमोज्यांसकट दारात उभा होता. त्याच्या खुर्चीत कोणीतरी आ वासून बसलेलं असणार. करसल्लागार आला होता, झेरॉक्सवाला आला होता, त्यांच्या मागून त्यांची गिऱ्हाइकंही आली होती. सगळे एका साध्या टेबलदिव्याकडे डोळे फाडून बघत होते.

दिवा लागलेला होता. एवढंच.

पण भिंतीतला प्लग काढलेला होता, आणि दिवा जोडला होता तो लॅबच्या यूपीएसला. अचानक वीज गेली की मशीन आणि कॉम्प्युटर तडकाफडकी बंद पडू नयेत म्हणून ही बॅटरीची पेटी कोपऱ्यात बसवलेली असते. लॅबची पेटी सहा वर्षांची झाली होती. गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा तिने दोन मिनिटं चिवचिवाट केला आणि मान टाकली. आज मात्र दिवा लागून पंचावन्न मिनिटं झाली होती.

"बॅटरी कधी मरत नसते," कोपऱ्यातून धीरगंभीर आवाज आला. "बॅटरी रुसते."

हे प्रवाहानंद. पांढरा सफारी, पायात पांढरे बूट, बोटात जाड तांब्याची अंगठी. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी आसपासच्या इमारतींतल्या कितीतरी रुसलेल्या बॅटऱ्यांची समजूत काढली होती असं म्हणत. त्यांचं औषध म्हणजे निळ्या कापडात शिवलेली तांब्याची चकती. ती पेटीवर चिकटवायची. कापड उसवायचं नाही, उसवलं तर शक्ती उडून जाते. चकतीचे पैसे नव्हते. ज्याची जशी श्रद्धा तशी त्याने देणगी द्यायची, आणि श्रद्धा कमी असल्याचं चारचौघांत कोण कबूल करणार?

"आपण रात्रंदिवस यंत्रांना राबवतो. त्यांना कधी मौन देतो का?" प्रवाहानंदांनी विचारलं. कोणीच दिलेलं नव्हतं. सगळ्यांनी ओशाळून माना खाली घातल्या. "म्हणून आधी यंत्रमौन. मशीन बंद, कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद. फक्त एक साक्षीदिवा. त्या शांततेत चकतीतल्या लहरी बॅटरीच्या काळजापर्यंत पोचतात. परदेशातल्या एका शास्त्रज्ञाने हे मोजलेलं आहे."

"कोणत्या शास्त्रज्ञाने?" करसल्लागाराने भाबडेपणाने विचारलं.

"नाव सांगायची परवानगी नाही."

हे उत्तर सगळ्यांना फारच पटलं.

बंद मशीनला टेकून लॅबच्या तंत्रज्ञ बाई उभ्या होत्या. सतरा वर्षं त्या इथे लोकांचं रक्त काढत होत्या. लहान मुलांनी त्यांचं नाव सुईताई ठेवलं होतं आणि हळूहळू मोठेही तेच म्हणू लागले होते. सकाळचे बावीस नमुने रांगेत खोळंबले होते, त्यामुळे सुईताईंचा पारा चढलेला होता. पण त्या प्रामाणिक होत्या, आणि तीच त्यांची पंचाईत होती. गेल्या महिन्यात दोन मिनिटांत मेलेली हीच पेटी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आता तासभर जळणारा दिवाही त्या स्वतःच्याच डोळ्यांनी बघत होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

"साठ मिनिटं!" औषधवाला ओरडला. टाळ्या पडल्या. लॅबच्या मालक डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन लावून नव्या बॅटऱ्यांची ऑर्डर रद्द केली.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. शिकलेले होते, भिंतीवर तीन प्रमाणपत्रं होती. पण शिकलेल्या माणसाला फसायचं असलं की तो अडाण्यापेक्षा जास्त तयारीने फसतो, कारण त्याला स्वतःला समजवायला चांगली भाषा येते. "अहो, काहीतरी रेझोनन्सचा प्रकार असणार," ते सुईताईंना म्हणाले. "आपल्याला कळत नाही म्हणजे नसतं असं थोडंच आहे?"

जाताजाता प्रवाहानंदांनी एक बारीकशी पुस्ती जोडली. "एक पथ्य. पेटीच्या आसपास अविश्वासी हात नको. अविश्वासी हातातून प्रवाह गळतो." आणि त्यांनी बरोब्बर सुईताईंकडे पाहिलं. खोलीत टाळी न वाजवलेल्या त्या एकट्याच होत्या.

*

गुरुवारी भिंगरी आली.

भिंगरी सात वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. खरं नाव फक्त तिच्या रिपोर्टवर असायचं. तिला रक्ताचा असा आजार होता की दर आठवड्याला पेशी मोजाव्या लागत आणि त्यावर औषधाचा डोस ठरे. तिच्या शिरा मात्र दोऱ्यासारख्या बारीक होत्या आणि सुई दिसली की दडून बसत. कधी तीन वेळा टोचावं लागे, कधी पाच. मागच्या वेळी ती रडून रडून ओकली होती. तेव्हा सुईताईंच्या तोंडून निघून गेलं होतं, "पुढच्या वेळी एकदाच. अगदी एकदाच."

"एकदाच ना?" भिंगरीने आल्या आल्या विचारलं.

"एकदाच," सुईताई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर दहा मिनिटं ठेवला, दोन्ही कोपरं चाचपली, श्वास रोखला आणि सुई घातली. पहिल्याच फटक्यात रक्त आलं. भिंगरीने एक डोळा उघडला.

"झालं?"

"झालं."

"खरंच?"

आजोबांनी आपल्या राकट हाताने नातीची पाठ थोपटली. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. पण नातीचं रक्त काढताना तो दर वेळी खिडकीबाहेर बघत उभा राही. आज त्याने वळून सुईताईंकडे पाहिलं आणि हात जोडले.

एवढ्याशा नळीतलं ते चमचाभरसुद्धा नसलेलं रक्त मशीनमध्ये गेलं. मशीनने ते ओढून घेतलं, आणि बरोबर त्याच वेळी वीज गेली.

कोपऱ्यातली पेटी चिवचिवू लागली. वर निळं पाकीट चिकटवलेलं होतंच. सुईताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मशीनला अजून सहा मिनिटं हवी होती. एक मिनिट झालं. दीड झालं. दुसरं मिनिट पुरं व्हायच्या आत पेटीने एक लांब शिट्टी मारली आणि मशीनचा पडदा काळा झाला. आत गेलेलं रक्त वाया गेलं.

वीज आल्यावर पुन्हा टोचावं लागलं. चार वेळा. चौथ्या वेळी भिंगरी रडलीसुद्धा नाही. तिने नुसतं म्हटलं, "तू एकदाच म्हणाली होतीस."

सुईताई मागच्या खोलीत गेल्या, नळ सोडला आणि तिथे उभ्या राहून रडल्या.

डॉक्टरांनी प्रवाहानंदांना फोन लावला. स्पीकर चालू होता. "मी पथ्य सांगितलं होतं," आवाज आला. "त्या खोलीत एक अविश्वासी हात आहे. शनिवारी येतो, सगळ्यांसमोर शुद्धी करू. तोवर त्या हाताला पेटीपासून लांब ठेवा."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि टेबलावरचा पेन उगाचच सरळ केला. "तुमच्यावर कोणी आरोप करत नाहीये, बाई. पण शनिवारपर्यंत तेवढा यूपीएसला हात नका लावू."

"आणि बॅटऱ्या?"

"शनिवार तर होऊ दे. बघू."

"भिंगरी पुढच्या गुरुवारी परत येणार आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेन पुन्हा एकदा सरळ केला.

बाहेर बाकावर आजोबा भिंगरीच्या हाताला बर्फ लावत बसले होते. सुईताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आजोबांनीच थांबवलं. "तुमचा काय दोष, ताई? बॅटरी म्हातारी झाली की अशीच फसवते. माझी जुनी गाडी होती ना, सकाळी दिवे लखलखीत लागायचे, हॉर्न सगळ्या डेपोला ऐकू जाईल असा वाजायचा. आणि स्टार्टर मारला की खट्. संपलं! दिव्याला, हॉर्नला लागतंच किती? इंजिन फिरवायचं तर दम लागतो."

सुईताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

*

शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे डॉक्टर आत आले आणि नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य बोलले, "कंट्रोल लावला का?"

लॅबमधला हा रोजचा शिरस्ता होता. पेशंटचं रक्त मशीनमध्ये घालण्याआधी एका छोट्या बाटलीतला द्रव घालायचा. त्याचा आकडा किती यायला हवा हे आधीच माहीत असतं. तो बरोबर आला तर मशीन खरं बोलतंय. चुकला तर त्या मशीनच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. सतरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच सुईताईंच्या डोक्यात हे कोरून बसवलं होतं. एकदा घाईत कंट्रोल राहिला म्हणून त्यांनी तीस रिपोर्ट फाडून टाकले होते.

"लावला," सुईताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साध्या साखरेच्या आकड्यावर कंट्रोलशिवाय सही न करणाऱ्या या माणसाने चकतीला कंट्रोल लावलाच नव्हता! चकती असताना दिवा तासभर जळला हे सगळ्यांनी पाहिलं. चकती नसताना किती जळतो, हे बघायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अगदी सुईताईंच्यासुद्धा, आणि त्याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

दुपारी दोन ते चार लॅब बंद असे. डॉक्टर घरी जेवायला जात. दोन वाजता आजोबा रिपोर्ट न्यायला आले तेव्हा सुईताई खुर्चीवर बसून निळं पाकीट ब्लेडने अलगद उसवत होत्या.

"अहो, शक्ती उडून जाईल," आजोबा म्हणाले.

"उडू दे. खिडकी उघडीच आहे." त्यांनी चकती काढून आजोबांच्या हातावर ठेवली. "ही घरी घेऊन जा. मी सांगेपर्यंत आणू नका."

मग त्यांनी ट्रेमधून लघवीच्या डबीचं एक कोरं झाकण उचललं. मापाचं होतं. ते पाकिटात घालून जखमेला टाके घालायच्या दोऱ्याने कापड शिवलं; पहिल्यापेक्षा शिवण जरा चांगलीच आली. पाकीट पेटीवर पुन्हा चिकटवलं. नंतर मशीन बंद, कॉम्प्युटर बंद, फक्त दिवा जोडला, आणि भिंतीतला प्लग ओढला. समोर बसून त्यांनी डबा खाल्ला, भांडी घासली, जुनं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचलं. दिवा आपला जळतोय. तास उलटून दहा मिनिटं झाली तेव्हा त्यांनी स्वतःच प्लग लावला आणि बॅटरी पुन्हा भरायला ठेवली.

*

शनिवारी सोमवारपेक्षा जास्त गर्दी होती, कारण आज चमत्काराबरोबर एका बाईची फजितीही बघायला मिळणार होती. सुईताईंना दाराजवळच्या स्टुलावर, पेटीपासून सगळ्यांत लांब बसवलं होतं. आजोबा गर्दीत उभे होते.

प्रवाहानंदांनी यंत्रमौन जाहीर केलं. बटणं पटापट बंद झाली. त्यांनी निळ्या पाकिटावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांचा हात थरथरू लागला.

"आहाहा! काय स्पंदनं आहेत! सोमवारपेक्षा दुप्पट. चकती पूर्ण जागृत झालेली आहे. कोणाला अनुभव घ्यायचाय?"

औषधवाल्याने हात ठेवला. "मुंग्या येतायत!" तो दचकून म्हणाला. दातांच्या डॉक्टरला ऊब जाणवली. झेरॉक्सवाल्याला काही जाणवलं नाही, पण मागे पडायला नको म्हणून त्याने डोळे मिटून "वा, वा" म्हटलं.

प्लग काढला. साक्षीदिवा जळत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रवाहानंद रुसव्याफुगव्यांवर बोलत राहिले.

"महाराज," स्टुलावरून आवाज आला, "आता मशीनचं मौन सोडू या का?"

"नाही!" प्रवाहानंदांनी डोळे खाडकन उघडले. "मौनभंग चालणार नाही."

"किती वेळ चालणार नाही?"

"लहरी स्थिर होईपर्यंत."

"त्या कधी होतात?"

"ते लहरींवर आहे."

तेवढ्यात आजोबा पुढे झाले. "पण साहेब, यूपीएस मशीनसाठीच आणलाय ना? नुसता दिवाच लावायचा तर मेणबत्ती काय वाईट होती?"

गर्दीत खसखस पिकली. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर क्षणभर घुटमळले. मग त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं कोण जाणे, बहुधा काळा पडलेला पडदा आणि चार टोचण्या. ते स्वतः उठले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं.

मशीन घरघरलं. दिवा एकदा मिणमिणला. पेटीने चिवचिवाट सुरू केला, आणि मिनिटभरात लांब शिट्टी. मशीन गेलं, दिवाही गेला.

"बघा!" प्रवाहानंदांचं बोट सुईताईंवर रोखलं गेलं. "एवढी जागृत चकती! या बाईंनी बसल्या जागेवरून तिची शक्ती शोषून घेतली!"

"शोषली असती हो," सुईताई उठून म्हणाल्या, "पण ती इथे नाहीये." त्या पेटीपाशी गेल्या, खिशातून ब्लेड काढलं आणि सगळ्यांदेखत पाकिटाची शिवण उसवली. आतली वस्तू दोन बोटांत धरून वर केली.

"हे काय आहे?" करसल्लागाराने विचारलं.

"लघवीच्या डबीचं झाकण. कोरं आहे, काळजी करू नका."

औषधवाल्याने आपला हात पँटला पुसला.

"चकती शुक्रवारपासून माझ्या घरी आहे," आजोबा म्हणाले. "नातीच्या कंपासपेटीत."

प्रवाहानंद काहीतरी बोलू लागले. पवित्र वस्तूचा अपमान, दूरस्थ लहरी, असे काही शब्द ऐकू आले. पण आता कोणाचंच लक्ष नव्हतं. सुईताईंनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. चकती आणि दिवा: तासभर. झाकण आणि दिवा: शुक्रवारी तासाच्या वर, आजही जळतच होता. चकती आणि मशीन: दोन मिनिटांच्या आत. झाकण आणि मशीन: आत्ता पाहिलंत.

"चकतीने काही होत नाही आणि माझ्या हातानेही काही होत नाही," त्या म्हणाल्या. "बॅटरी म्हातारी झालीय. तिच्यात जो जीव उरलाय त्यावर एक दिवा तासभर निघतो. मशीनला पन्नास-साठ दिव्यांएवढी वीज लागते. खुर्चीत बसून दिवसभर गप्पा मारणारा म्हातारा ठणठणीत दिसतो. धान्याचं पोतं घेऊन जिना चढायला लावा, मग कळतं. यंत्रमौन म्हणजे दुसरं काही नाही, पोतं खाली ठेवायला लावणं. ओझं काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, कसा ताठ उभाय! यात यांनी एवढीच हुशारी केली. बाकीचं सगळं आपणच केलं. टाळ्या आपल्या, मुंग्या आपल्या."

सुईताईंनी खडू खाली ठेवला.

"विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही. मी म्हणते, आधी तपासा. ज्या कामासाठी वस्तू घेतलीय त्याच कामाला लावून तपासा. आणि कोणी म्हणालं, अमुक एका गोष्टीने फरक पडला, तर ती गोष्ट काढून बघा, तरीही तेच होतं का. जो माणूस तपासू देत नाही, पाकीट उसवू देत नाही आणि फसला की तुमच्याच श्रद्धेवर खापर फोडतो, त्याला दारातूनच परत पाठवा. गुरुवारी एका पोरीला पाच वेळा टोचलं मी. ते चकतीला दुखलं नाही, तिला दुखलं."

डॉक्टर फळ्याकडे बघत होते. "कंट्रोल," ते हळूच म्हणाले. "मी कंट्रोलच लावला नाही." सतरा वर्षांत त्यांचा चेहरा एवढा उतरलेला सुईताईंनी पाहिला नव्हता.

तोवर प्रवाहानंद लिफ्टपाशी पोचले होते. लिफ्ट वर अडकली होती, म्हणून ते जिन्याने गेले.

अज्ञान मात्र एवढ्या लवकर जिना उतरत नाही. सगळे पांगल्यावर औषधवाला मागे रेंगाळला आणि कानाशी येऊन म्हणाला, "ताई, चकतीचं जाऊ दे. पण ते झाकण... त्यावर हात ठेवल्यावर मला खरंच मुंग्या आल्या होत्या हो. टाकून देणार असाल तर..." सुईताईंनी त्याला तशी पन्नास झाकणं एका पिशवीत घालून दिली आणि सांगितलं की रोज एकेक उलटं करायचं आणि आत काही आहे का ते बघायचं.

*

पुढच्या गुरुवारी भिंगरी आली ती दारातच थांबली. दोन्ही हात पाठीमागे.

"एकदाच ना?" हा प्रश्न तिने विचारला नाही. तो विचारणं तिने सोडून दिलं होतं, आणि ते सुईताईंना सुईसारखं लागलं.

"भिंगरी, शीर पहिल्यांदाच सापडेल असं वचन मी देत नाही," त्या म्हणाल्या. "प्रयत्न करीन. पण मशीन मधेच बंद पडणार नाही, हे मी तुला दाखवते. ये."

कोपऱ्यातल्या पेटीत नव्या बॅटऱ्या होत्या. वर निळं पाकीट नव्हतं. डॉक्टरांच्या अक्षरातला एक कागद होता: दर महिन्याला मशीन चालू ठेवून तपासणे. मशीन चालू होतं, आत कंट्रोलचा द्रव फिरत होता.

"तो प्लग दिसतोय? त्याचं बटण बंद कर आणि ओढ."

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली. तिने बटण बंद केलं, पाय भिंतीला लावला आणि प्लग ओढला. पेटी एकदा चिवचिवली. मशीन घरघरतच राहिलं.

भिंगरी मशीनसमोर मांडी घालून बसली. एका जागी. आजोबांचं घड्याळ तिने स्वतःच्या मनगटावर चढवून घेतलं होतं. दोन मिनिटं गेली. सहा गेली. आकडा आला, बरोबर आला, डॉक्टरांनी दुरून पाहून मान डोलावली. पण तिचं समाधान होईना. वीस मिनिटं पुरी झाल्यावर ती उठली, खुर्चीत जाऊन बसली आणि उजवा हात स्वतःहून पुढे केला.

"चालतंय," ती म्हणाली. "आता टोच."